तीन मग पांढऱ्याला एक मग निळा

घरं रंगवणाऱ्या आत्याने बावीस वर्षांत रंग कधी मापून मिसळला नव्हता. डब्यात पांढरा ओतायचा, निळ्याची धार सोडायची, काठीने ढवळायचं आणि बघायचं. हात थांबला की रंग झाला. मापाचा मग घेऊन बसणाऱ्यांना ती हसायची. सातवीत गुणोत्तराच्या धड्याने नाकी नऊ आणले, तेव्हा तिने शाळेला रामराम ठोकला होता. त्याचं तिला कधी काही वाटलं नाही.

एका दवाखान्याची बाहेरची खोली रंगवायचं काम तिच्याकडे आलं. तीन भिंती शनिवारी झाल्या, चौथी सोमवारी. मंगळवारी तिथल्या परिचारिकेने विचारलं, "ही एकच भिंत वेगळ्या रंगाची घेतली का?"

"वेगळी कुठे? खिडकीच्या उजेडाचा फरक आहे," आत्या म्हणाली.

परिचारिकेने दिवा लावला. आत्या दोन्ही भिंतींकडे आळीपाळीने पाहत राहिली. तिला दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

त्याच दवाखान्यात तिने डोळे तपासून घेतले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. "निळा तुम्हाला फिका दिसत असणार," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तो कधी कमी, कधी जास्त पडतोय." शस्त्रक्रियेची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. तोवर ती भिंत तशी सोडून चालणार नव्हतं, आणि आतली मार्गिकाही त्याच रंगात करायची होती.

ती भावाकडे गेली. भाची सातवीत होती. आत्याने आडपडदा न ठेवता सांगितलं, "मला मापाने रंग करायला शिकव."

शनिवारच्या रंगाचा उरलेला डबा होता. भाचीने वाटीत चमचा-चमचा मिसळून त्याच्याशी ताडून पाहिलं. ओला रंग फसवतो, म्हणून आत्याने प्रत्येक नमुना पुठ्ठ्यावर लावून वाळू दिला. पाचवा नमुना जुळला: सहा चमचे पांढरा, दोन निळा.

"म्हणजे चमच्याऐवजी मग घेतले की आठ मगांचा डबा झाला," आत्या म्हणाली. " पण मला बारा मग लागतील."

"चार वाढले ना? मग दोन्हींत दोन-दोन वाढव. आठ पांढरे, चार निळे."

आत्याला आकडे कळले नाहीत, पण काहीतरी खुपलं. "करून बघ वाटीत."

पुठ्ठा वाळला. यातला फरक आत्याच्या त्या डोळ्यांनाही दिसला. "हा गडद झाला गं. दोघांना सारखंच वाढलंस खरं, पण निळा मुळात थोडा. त्याला दोन म्हणजे दुप्पट झाले. पांढऱ्याला दोनाने काय होतंय?"

भाची पेन चावत बसली. मग हळूच म्हणाली, "आधी तीन पांढऱ्यांमागे एक निळा होता. आता दोनांमागेच एक आलाय." तिने वहीत खोडलं. "नऊ आणि तीन. आत्या, बाईंनी हेच सांगितलं होतं, पण मी नुसतं पाठ केलं होतं."

"मी तर तेवढंही केलं नव्हतं," आत्या म्हणाली.

नऊ आणि तीन मगांनी चौथी भिंत पुन्हा झाली, मार्गिकाही झाली. ते दीड महिने आत्याने भीतभीतच काम केलं. रंग बरोबर आहे की नाही हे ज्याला त्याला विचारायची, आणि विचारताना तिला फार लाज वाटायची.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली तेव्हा ती आधी मार्गिकेत गेली. भिंतींना नाक लावून दोन्ही टोकांपर्यंत चालली. कुठेही फरक नव्हता. ती तिथल्या बाकावर बसली आणि थोडं रडली. परिचारिका म्हणाली, "डोळ्यांना पाणी लागू देऊ नका, अजून आठवडा तरी."

आता नजर पहिल्यासारखी झाली आहे, तरी ती मग घेऊनच मिसळते. कधीकधी नजर एक सांगते आणि माप दुसरं. तेव्हा ती पुठ्ठा वाळायची वाट पाहते. आतापर्यंत दोनदा माप चुकलंय, एकदा नजर.