काटा बंद, फोन गप्प
"आवं काका, तुमच्या कारखान्याचा काटा बंद हाय. कम्प्युटर उठंना म्हणत्यात," शेजारचा संभाजी फोनवर सांगत होता. त्याचा उसाचा ट्रॅक्टर रांगेच्या पार टोकाला अडकला होता.

काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन होतं. तो बंद पडला की ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं आणि शिव्या कम्प्युटरवाल्याला बसतात. त्या मी नोकरीभर खाल्ल्या. आता निवृत्त होऊन कडेगावात घरी आहे.

खरं सांगतो, बातमी ऐकून मला बरं वाटलं. बायको गेली, मुलगी पुण्यात. घर दिवसभर खायला उठतं. जेवण अर्धवट टाकून मी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि कारखान्याच्या फोनची वाट बघत बसलो.

फोन येईना. का येत नाही, याचा मला अंदाज होता. निवृत्तीआधी मी एक रेस्क्यू पेनड्राईव्ह बनवून ठेवला होता. विंडोज बिघडली की कम्प्युटर सुरूच होत नाही. मग तो या पेनड्राईव्हवरून सुरू करायचा आणि वेगळ्या डिस्कवरचा बॅकअप परत आत उतरवायचा. पण नुसता बनवून भागत नाही. ऐन वेळी मशीन पेनड्राईव्हला ओळखच दाखवत नाही. म्हणून माझ्या जागी आलेल्या शीतलकडून मी एका जुन्या मशीनवर सगळं करून घेतलं होतं. मी खोलीबाहेर उभा होतो. तिने आतून हाक मारली, तरी मुद्दाम गेलो नाही.

शेवटी न राहवून मीच शीतलला फोन लावला.

"झालं की सर चालू. तुमचाच पेनड्राईव्ह लावला. बॅकअप सकाळचा होता, त्यानंतरच्या गाड्यांची वजनं हातानं भरतीय."

"मी येऊ का?"

"कशाला उन्हाचं? तुमी आराम करा."

मागे ट्रॅक्टरचे हॉर्न वाजत होते. पेनड्राईव्ह निवडायच्या बूट मेनूला काही अडलं का, बॅकअपची डिस्क लगेच दिसली का, असं मी विचारत राहिलो. तिने हो-नाहीत उत्तरं देऊन फोन ठेवला. तिचं काही चुकलं नाही. कामाच्या वेळी फोनवर रेंगाळायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.

हे काम करणाऱ्यांना एवढंच सांगतो. रेस्क्यू पेनड्राईव्ह तपासायचा, तर तो बनवणाऱ्याला बाजूला ठेवून तपासा. माझा पास झाला. तो नापास व्हावा असं मला दुपारभर वाटत होतं, तेही सांगून टाकतो.

संध्याकाळी संभाजी ऊस खाली करून दारात आला.

"लय लवकर झालं की, काका. तुमी गेला व्हता व्हय?"

मी हो म्हणालो.