बाबांना 'सर' म्हणणारं कॉलेज

गेल्या आठवड्यात इथे गोव्यात, पर्वरीला इंजिनिअरिंगच्या अॅडमिशनचा राउंड होता. कोरगावहून सकाळच्या बसने निघालो, मी आणि बाबा. आईने दिलेली पाव-भाजी भीतीने पिशवीतच राहिली...

भीती मार्कांची नव्हती. रँक बरी होती, सरकारी कॉलेज मिळेल असं सगळे म्हणत होते. भीती ही, की बाबा मनातून दुसऱ्याच कॉलेजला 'हो' म्हणून बसले होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. बाबा डिचोलीला मायनिंगच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, ते काम गेल्यापासून दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. कुठलं कॉलेज चांगलं, कुठलं परवडणारं, हे विचारणार तरी कोणाला? शेजाऱ्यांनाही आमच्याइतकंच ठाऊक.

एवढ्यात घाटावरच्या, म्हणजे गोव्याबाहेरच्या एका खासगी कॉलेजमधून फोन सुरू झाले. आमचा नंबर त्यांना कुठून मिळाला देव जाणे. एक मॅडम रोज संध्याकाळी बाबांना फोन करायची, आणि पहिलाच शब्द... 'सर'.

बाबांना आयुष्यात कोणी सर म्हटलेलं नाही. लोक त्यांना 'रे' म्हणतात, फार तर 'ड्रायव्हर'. तिचा फोन वाजला की बाबा आधी बनियनवर शर्ट चढवायचे आणि मगच उचलायचे! आई आणि मी तोंडावर हात ठेवून हसायचो... मग एकदा त्यांचा खुललेला चेहरा नीट बघितला आणि मला हसू येईना.

त्या कॉलेजची फी आम्हाला झेपणारी नव्हती. बाबांनी मात्र वाट काढून ठेवली होती. आजोबांचं काजूचं भाट, म्हणजे बाग, आमची काय ती तेवढीच इस्टेट, ते गहाण टाकायचं.

मी सरकारी कॉलेजचं नाव काढलं की म्हणायचे, "इतकी कमी फी घेवन ते काय शिकयतले गो? आणि तुझ्या सरकारी कॉलेजान एकदा तरी फोन केल्यान आमका?"

सरकारी कॉलेज कशाला कोणाला फोन करतंय!

राउंडच्याच दिवशी संध्याकाळपर्यंत त्या खासगी कॉलेजचे टोकनचे पैसे भरायचे होते. बाबांनी तसा शब्द देऊन टाकला होता. "मग पर्वरीक कित्याक जावचा?" असं विचारत होते, आईने हट्ट धरला म्हणून आले.

हॉलमध्ये समोर स्क्रीन होता. कुठल्या ब्रांचच्या किती सीट उरल्या ते त्यावर दिसायचं. रँकप्रमाणे नाव पुकारलं की टेबलाशी जाऊन तिथल्या तिथे सांगायचं, विचार करायला वेळ नाही. एकेक सीट जात होती. मला हवं असलेलं कॉम्प्युटर तर डोळ्यांदेखत संपलं...

माझ्या आधी थोडीच नावं उरली होती, आणि बाबांचा फोन वाजला. ते व्हरांड्यात गेले, मीही मागोमाग. इतकी वर्षं ट्रकच्या आवाजात काढून बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर.

"सर, आज टोकन भरताय ना? नाहीतर सीट जाईल हं."

बाबा तिच्याशी जमेल तेवढं पुस्तकी मराठी बोलायचे. "भरतो, भरतो मॅडम. जरा पर्वरीला आलोय. मुलीचं नाव सरकारी कॉलेजात लागतंय म्हणतात... पण आमी तुमच्याकडेच येणार. शब्द दिलाय ना!"

मी बाबांची बाही ओढली. मला वाटलं फोन कट झाला.

मग तोच आवाज, पण अगदी हळू... "काका, सरकारी खरंच मिळतंय?"

"हो, मिळतंय म्हणतात."

"मग तेच घ्या, काका. डोळे मिटून घ्या. आणि मी असं बोलले ते कोणाला सांगू नका हं... प्लीज." आणि फोन बंद.

बाबा नुसते फोनकडे बघत राहिले. तेवढ्यात आतून माझं नाव ऐकू आलं. आम्ही दोघं असे धावलो की दारातला माणूस बाजूला झाला.

टेबलाशी पोचले आणि मी बाबांकडे वळून बघितलं. तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं, "बोल, काय घेतेस?" तेव्हा मागून बाबा धापा टाकत म्हणाले, "सरकारी, बाई. सरकारी घेता ती." मला सिव्हिल मिळालं. कॉम्प्युटरचं वाईट वाटलं, पण त्या क्षणी मी रडत होते ते सुटकेने.

परतीच्या बसमध्ये म्हापसा गेल्यावर बाबा एकदम म्हणाले, "त्या चेडवाचो पगार कापतले काय गो?" चेडू म्हणजे पोरगी... ती फोनवरची मॅडम.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. बाबा म्हणतात, तिला चवथीच्या गणपतीला घरी बोलावूया. मीच नंबर लावू देत नाही... आमच्या एका फोनने तिची नोकरी गेली तर? इथे त्या कॉलेजचं नाव लिहिलं नाही ते याचसाठी, कमेंटमध्ये विचारू नका.

ताई, तुमचं नाव विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. तुमची नोकरी शाबूत असू दे, एवढंच देवाकडे मागते.

काल शेजारच्या काकी मुलाच्या अॅडमिशनची चिंता घेऊन आल्या होत्या. बाबांनी त्यांना चहा दिला आणि अगदी ठामपणे सांगितलं, "भियां नको गो वयनी. काय विचारूचा आसलाच तर घाटार आमचा एक माणूस आसा."