टॅबचं जेवण

आश्विन शुद्ध नवमी. आजचं काम: शाळेचे सगळे टॅब पुसून पूजेच्या चौरंगावर मांडणे.

फडकं हातात घेतलं आणि आमच्या निवृत्त झालेल्या मोठ्या बाई आठवल्या. टॅबचा त्यांच्याइतका मान ठेवणारं माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरं नसेल. सख्ख्या जावयालाही त्यांनी इतकं जपलं नाही, आणि तसं जावई बोलूनही दाखवतो. मानपाड्याच्या बाजूला आमची मराठी शाळा, बाई मुख्याध्यापिका, मी पर्यवेक्षिका. शिक्षकांना टॅब मिळाले त्या दिवशी आम्ही डबा खाता खाताच ते चालू केले. बाईंनी आधी हात धुतले आणि मग टॅब दोन्ही हातांनी, नैवेद्याचं ताट धरावं तसा धरला. शेवटपर्यंत तसाच धरला. वर्गांवर फेरी मारताना दार उघडायला त्यांना हात उरायचा नाही. जिन्यातून "अहो, कुणी आहे का?" अशी हाक आली, की मुख्याध्यापिका दारापाशी अडकल्या आहेत हे शाळेला कळायचं. ऑनलाइन मीटिंगमध्ये शिक्षण खात्याचे साहेब पडद्यावर आले की बाई ताडकन उभ्या राहायच्या. टॅब टेबलावरच. साहेबांना मीटिंगभर इरकलीच्या निऱ्यांशी बोलावं लागायचं. "बाई, बसा," मी कुजबुजायचे, तर त्या म्हणायच्या, "साळवी, साहेब बोलतायत." एकदा साहेबच कंटाळून म्हणाले, "मॅडम, तुमचा चेहरा दिसत नाहीये." बाई म्हणाल्या, "असू द्या सर, मला तुमचा दिसतोय."

चार्जिंगला त्या जेवण म्हणायच्या. वायर लावली की टॅबवर रुमाल घालायचा आणि मग कुणी हात लावायचा नाही. "जेवतोय तो. पानावरून उठवू नका." कितीही घाईचं काम असलं तरी आमचे क्लार्क दाराशी उभे राहून विचारायचे, "बाई, झालं का जेवण?" नव्या पालकांची समजूत व्हायची, की या बाई दिवसभर जेवतच असतात.

गेल्या वर्षी याच दिवशी त्यांनी सगळे टॅब पूजेला मांडले, स्वतःचा मधोमध, सरस्वतीसमोर. हळदकुंकू, झेंडू, अक्षता. पूजेला लावलेली वस्तू दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत उचलायची नाही, हा त्यांच्या कोकणातल्या घरचा नियम. दुपारी माझ्या फोनवर शिक्षण खात्याचा मेसेज आला. आठवीच्या दुसऱ्या तुकडीतल्या मुलांची माहिती आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर तुकडी बंद धरली जाईल. तुकडी बंद म्हणजे विज्ञान शिकवणारी आमची सगळ्यात नवी शिक्षिका, प्राजक्ता, अतिरिक्त ठरणार आणि जागा असेल तिथे पाठवली जाणार. ती कल्याणजवळच्या मोहन्याहून यायची. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. लांबची शाळा म्हणजे तिला नोकरी सोडण्यासारखंच होतं. आणि माहिती भरायचं लॉगिन फक्त बाईंच्या टॅबवर. पासवर्ड बाईंना कधीच आठवायचा नाही. "त्याला पाठ आहे," म्हणायच्या.

मी सरळ हात पुढे केला.

"साळवी, उचलायचा नाही."

"अहो बाई, मग उद्या या मुलीला उचलतील त्याचं काय?"

"राहू द्या मॅडम, बघू काय होतं ते," प्राजक्ता म्हणाली, पण जागची हलली नाही.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि चौरंगासमोर फतकल मारून बसल्या. "उचलायचा नाही, एवढंच आहे. तिथल्या तिथे लिहायचं नाही, असं कुणी सांगितलंय?" अक्षता बाजूला सारून त्यांनी एका बोटाने भरायला सुरुवात केली, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. मी नावं सांगत होते, प्राजक्ता जन्मतारखा. मधूनच बाई थांबायच्या. "हा तोच ना गं, बाकाखाली वाकून डबा खाणारा? बरा आहे का आता?" मी म्हटलं, "बाई, तो रकाना नाहीये. पुढे चला."

निम्मी मुलं झाली आणि टॅबची बॅटरी संपत आली. प्राजक्ताने धावत जाऊन चार्जर आणला, वायर लावली आणि आपणहून मागे सरकली. नियम तिलाही माहीत होता. बाईंनी सवयीने रुमाल उचलला, जरा वेळ तसाच धरला, आणि मग त्याने स्वतःचं कपाळ पुसलं.

"खाऊ दे त्याला. खाता खाता लिहील एक दिवस. सांग गं, पुढची जन्मतारीख सांग."

माहिती वेळेत गेली. तुकडी राहिली, प्राजक्ताही राहिली. मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निघताना त्यांनी टॅब नव्या सरांना दोन्ही हातांनी दिला. सरांनी तो एका हाताने घेतला आणि बगलेत मारला. बाईंचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले.

आश्विन शुद्ध दशमी, दसरा. आज सकाळी मी लवकर शाळेत गेले. उत्तरपूजा केली, वायर लावायच्या भोकात गेलेलं कुंकू जुन्या टूथब्रशने काढलं आणि बाईंचा टॅब चार्जिंगला लावला. तेवढ्यात नवे सर घाईघाईने आले आणि त्यांनी टॅबला हात घातला.

"जेवतोय तो," मी म्हणाले.

सरांनी हात मागे घेतला. मी खणातून रुमाल काढला आणि टॅबवर घातला.