खडूची रेघ

मेहकरच्या त्या मेकॅनिकच्या तोंडून ‘झालं’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. मला त्याचा रागच यायचा.

माझ्या गाडीचं मागचं एअर सस्पेन्शन गळायचं. सकाळी पाहावं तर मागची बाजू खाली बसलेली. त्यानं दाढीच्या ब्रशनं हवेच्या नळीला साबणाचा फेस फासला, बुडबुडे आले तिथला चिरलेला तुकडा कापला आणि नवा जोड बसवला. मग बंपरच्या उंचीवर भिंतीवर खडूनं रेघ ओढली.

“रातभर इथंच राहू द्या.”

“काऊन?” मी वैतागलो. “उद्या मायले डोळ्याच्या ऑपरेशनले न्यायचं हाय!”

“म्हनूनच.”

सकाळी बंपर बरोब्बर रेघेवर होता. तो हसलासुद्धा नाही. ओल्या फडक्यानं त्यानं रेघ पुसली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

“जा, बसवा मायले.”