शिक्का न मिळालेला ठराव

माझ्यासारख्यानं लिहिणं आगाऊपणाच आहे, माफ करा. पण कॉलेजच्या ऑफिसात शिक्क्याच्या शाईचा वास आला की झरी जामणीची ती बँक आठवते. आमचं जंगल घेणाऱ्या कोळसा खाणीला ती कर्ज देणार होती. देऊ नका, असा ग्रामसभेचा ठराव घेऊन मी गेलतो. ‘पोचचा शिक्का घेतल्याबिगर येऊ नको,’ बाबांनी बजावलं होतं. साहेबांनी न वाचताच कागद परत ढकलला. रांगेतला एकजण खेकसला, ‘माह्या पोराले खाणीत नोकरी लागून राह्यली, तू कायले आडवा येतं बे?’ सगळे हसले. मी शिक्काच मागत राहिलो, तेव्हा गार्डनं दंड धरून बाहेर काढलं. तो राग अजून गेलेला नाही. काल बाबांचा फोन आला, ‘कर्ज मंजूर झालं. उद्यापासून मोहफुलं येचाले जंगलात येऊ नका, असं खाणवाले तुह्या मायले सांगून गेले.’