बधिर हातांची सेवा

डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा. टोचलं की 'हो' म्हणा." मी डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला तरी ते सुरुवातच करेनात. शेवटी मीच म्हटलं, "टोचा की हो!" तर म्हणाले, "बाई, माझं टोचून झालं. डोळे उघडा." माझ्या दोन्ही हातांवर रक्ताचे बारीक थेंब होते.

याला ॲनेस्थेशिया म्हणतात. म्हणजे कातडीला स्पर्श कळत नाही, ऊन-गार कळत नाही. मग त्यांनी कोपरामागची अल्नर नर्व्ह, म्हणजे बोटांकडे जाणारी नस, चाचपली. ती दोरीसारखी जाड झाली होती. "लेप्रसी आहे," ते म्हणाले. आमच्याकडे त्याला महारोग म्हणायचे, आणि तेही हळू आवाजात.

मी भांडायलाच उठले. "मले कसा होईन? मी देवाचं काम करतो!"

मी मिशनची बायबलबाई, सलोमीबाई. आलापल्लीच्या आसपासच्या गावांत पायी हिंडायचं, शुभवर्तमान सांगायचं, बायांची बाळंतपणं करायची, लोकांच्या जखमा धुवायच्या. अठरा वर्षं हेच केलं. लग्न केलं नाही. रोज भात टाकण्याआधी मूठभर तांदूळ प्रभूच्या नावानं बाजूला काढला, एक दिवस खाडा नाही. आणि मलाच हा रोग? डॉक्टर शांतपणे म्हणाले, "जंतू हे विचारून शिरत नाहीत." असा राग आला मला त्यांचा!

खरं सांगते, पाठीवर एक बधिर चट्टा दोन वर्षांपासून होता. एकदा चुलीवरचा गंज, म्हणजे भाताचं पातेलं, उतरवताना बोटं भाजली, ते मला वासावरून कळलं. तरी लपवलं. तुम्ही लपवू नका.

पुढे स्मिअर घेतला. म्हणजे कानाच्या पाळीला बारीक काप देऊन आतला रस काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. चार दिवस व्हरांड्यात बसून काढले. जंतू निघाले. सल्फोनच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या काही वर्षं घ्यायच्या होत्या. दवाखान्यातच राहायला सांगितलं.

मी म्हटलं, ठीक आहे. देवाला अजून सेवा पाहिजे ना, घे! पहाटेपासून वॉर्डातल्या सगळ्यांच्या जखमा धुवायला लागले. शेजारच्या खाटेवर जनाबाई होती, तळ्यावर मासे धरणाऱ्या घरची. तिचे दोन्ही पाय बधिर, तळव्याला जखम.

"बाई, बसा ना थोडं. काऊन इतक्या राबून राह्यल्या?"

"देवाले दिसू दे म्हणून. मंग तो बरं करीन."

ती खदखदून हसली. "म्हंजे नवसच झाला ना! माह्या सासूनंबी असाच केला होता."

अठरा वर्षं मी गावोगावच्या बायांना नवसावरून रागावत आले होते. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी तिला दाखवायचंच म्हणून बंबातलं पाणी घमेल्यात काढलं. हात घालून पाहिला, ठीक वाटलं. तिनं पाय घातले, तिलाही ठीक वाटलं. मी दोन्ही हातांनी तिचे पाय चोळत मोठ्यानं प्रार्थना करत बसले, चांगली लांबलचक. नर्सबाई आल्या, घमेल्याला बोट लावलं आणि किंचाळल्या. पाणी कढत होतं. माझ्या हातांना कळत नव्हतं, तिच्या पायांना कळत नव्हतं. तिच्या पायांची सालं निघाली, माझ्या हातांचीही.

डॉक्टरांनी पट्ट्या बांधल्या आणि एवढंच विचारलं, "हे पाणी कोणासाठी होतं, बाई?"

"जनाबाईसाठी," मी म्हटलं. साफ खोटं! ते माझ्यासाठी होतं. तिच्या पायांची मी माझ्या स्वर्गासाठी पायरी केली होती. संध्याकाळपर्यंत रडत होते.

मग पाच आठवडे माझ्या हातून काही म्हणजे काही झालं नाही. वेणीसुद्धा दुसऱ्यानं घालायची. आणि मला घास कोण भरवायचं? जनाबाई. गुंडाळलेले पाय फरफटत माझ्या खाटेवर यायची. मी माफी मागितली तर म्हणाली, "आता रडून पाय बरे होतेत काय? आ करा."

तेव्हा मला खरी भीती वाटली. आज मेले तर देवापुढे काय नेऊ? तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकट मिळतं, प्रभूनं ते क्रुसावर मिळवून ठेवलंय, हे मी गावोगाव सांगितलं होतं. लोकांना वाढत राहिले आणि स्वतः उपाशीच. त्या खाटेवर पडल्या पडल्या मी पहिल्यांदा म्हटलं, "प्रभू, माझ्यापाशी काही नाही. तूच घे मला." त्या दिवशी मला पोटभर झोप लागली.

तुम्हाला हा आजार झाला तर गोळी चुकवू नका. पाण्यात हात घालण्याआधी ज्याला कळतं त्याला विचारा. रोग ही शिक्षा नव्हे आणि सेवा हे त्यावरचं औषध नव्हे.

एक दिवस आमच्या मंडळीचे, म्हणजे गावच्या चर्चचे, कारभारी फिलिपभाऊ भेटायला आले. म्हणाले, "बाई, आपण सांगू, गरिबाची सेवा करता करता हात भाजले. रोगाचं नाव नको. तुमची पुण्याई केवढी, स्वर्ग त पक्काच हाय!"

"ते पुण्याई तुमच्याजवळच ठेवा, भाऊ," मी म्हटलं. त्यांना वाटलं, बाई विनयानं बोलतात.

प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत मेजावरची भाकर सगळ्यांना वाटतात त्या दिवशी, डॉक्टरांनी गावी जायची मुभा दिली. उपासनेत फिलिपभाऊ उठले आणि माझ्या सेवेचं गुणगान सुरू केलं. मी मधेच उभी राहिले. "थांबा! मले लेप्रसी हाय. हात सेवेत नाई भाजले, स्वर्ग कमवता कमवता भाजले. आन् संगं एका बाईचे पायबी भाजवले."

लोक चटईवर मागे सरकले. फिलिपभाऊ लालबुंद झाले. "मंग प्रभूपुढं मांडाले तुमच्यापाशी राह्यलं काय?"

"काईच नाई, भाऊ. म्हणूनच त जेवाले आली."

मी चालत मेजापाशी गेले, पट्ट्या बांधलेले दोन्ही हात मागे घेतले आणि तोंड उघडून उभी राहिले. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग भाकर मोडली आणि माझ्या तोंडात घातली.