मोठ्या सिस्टरांचा चष्मा

मोठ्या सिस्टर म्हणजे चालतंबोलतं पुस्तक. एकतीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई. नव्या तापाची माहितीपत्रकं आली, तर इतरांनी चाळायच्या आत ह्यांची तोंडपाठ. सगळ्यांची लेखी परीक्षा झाली, तीत ह्यांना वीसपैकी वीस. तापाच्या रुग्णांचा वेगळा वॉर्ड आता आपल्याच हाती, असं सिस्टर धरूनच चालल्या. का चालू नये हो?

पण तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई भलत्याच खट. त्यांनी सगळ्यांच्या हातमोज्यांना पूड फासली, संरक्षक पोशाख उतरवायला लावला, मग खोलीत अंधार करून दिवा फिरवला. पूड लागलेली जागा त्या दिव्याखाली चमकते. सिस्टरांच्या नाकावर हा एवढा मोठा ठिपका!

"तोंडावरच्या काचेखालून बोट घालून चष्मा वर सारलात. दोनदा," बाई म्हणाल्या.

"मी? शक्यच नाही."

"शनिवारी पुन्हा बघू. ठिपका दिसला, तर वॉर्ड दुसऱ्या कुणाकडे."

सिस्टरांचा चेहरा पार उतरला. घरी त्यांनी हातमोज्यांना पावडर लावून सराव मांडला. निवृत्त शिंपी असलेला नवरा समोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसला. पहिल्याच संध्याकाळी त्याने अकरा वेळा पकडलं.

"जन्मभर दुसऱ्यांना शिस्त लावलीस, आता आली तुझी पाळी," म्हणत गडी खुशीत.

"दात काढू नका. हा ठिपका खरा असता, तर तो ताप मी तुमच्यापर्यंत आणला असता." त्या खरोखरच घाबरल्या होत्या.

नवरा उठून मशीनवर बसला आणि चष्म्याच्या दोन्ही दांड्यांना जोडणारा इलॅस्टिकचा पट्टा शिवून दिला. चष्मा घसरायचा थांबला, तरी बोट काही वर जायचं थांबेना. ती खोड मोडायला पुढचे चार दिवस लागले.

शनिवारी दिवा फिरला. ठिपका नाही. वॉर्ड सिस्टरांना मिळाला.

सोमवारी पहिला रुग्ण आला, एक बसचालक. तापाने फणफणला होता, तरी तोंड चालूच. "सिस्टर, हाताची घडी घालून का उभ्या?"

"नाक खाजतंय. बाहेर गेल्यावर बघते त्याच्याकडे."

पाळी संपली. सिस्टरांनी एकेक वस्तू क्रमाने उतरवली, हात धुतले, अंघोळ केली आणि घरी जाऊन नवऱ्याला अगदी खेटून बसल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तो बिचारा लाजला.